पालथा नान

३ सप्टेंबर, मंगळवार

पेटी आली. अकरा वाजता. हवा कोरडी, वारा फाटकाकडून, क्रेन नेहमीप्रमाणे उशिरा. नवी वही सुरू.

आमचे जुने साहेब सांगायचे, "ओरोझाली, प्रत्येक पुतळ्याची एक वही ठेव. पुतळा पाडतील, वही पाडायचं कोणाला सुचत नाही. आणि वहीत खोडाखोड करायची नाही." त्यांचं ऐकून आजवर चार पुतळे उभे केल्याच्या आणि नऊ उतरवल्याच्या वह्या माझ्या पेटाऱ्यात आहेत. उतरवायचं काम बरं असतं. त्याला कोणी भाषण करत नाही.

पण हे पाचवं काम मला मनापासून करायचं आहे. पलीकडच्या देशाने आमच्या कोश-अरीकमध्ये, सरहद्दीच्या फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आपल्या वकिलातीच्या शाखेची नवी इमारत बांधली. तिच्यापुढे मैत्रीचं स्मारक, त्यांच्याकडून भेट. दोन म्हातारे समोरासमोर मांडी घालून बसलेत, एक आमच्या टोपीतला, एक त्यांच्या. मध्ये जेवणाचं कापड, दस्तरखान, अंथरलेला आणि त्यावर नान. सगळं ब्राँझचं. एकवीस तारखेला दोन्हीकडचे मंत्री कापड ओढणार आणि त्याच दुपारी फाटक उघडणार. अकरा वर्षांनी.

माझी लेक चिनारा फाटकापलीकडे चाळीस किलोमीटरवर दिलेली आहे. नात नऊ वर्षांची झाली. मी तिला फोनच्या काचेतच पाहिलंय. चिनारा शेवटची आली होती तेव्हा निघताना तिने एका नानाचा घास तोडून खाल्ला आणि उरलेला भिंतीवर टांगला, परत येऊन संपवीन म्हणून. पंधरा दिवसांनी फाटक बंद झालं. नानाचा आता दगड झालाय. माझी बायको बुरुल दर शुक्रवारी त्यावरची धूळ फुंकते.

५ सप्टेंबर, गुरुवार

वकिलातीतून माणूस आला. नोदिर नाव. तिशीतला, काठीसारखा बारीक, बूट असे चकचकीत की आमच्या सिमेंटला लाज वाटावी. पेटी उघडण्याआधी फोटो, उघडल्यावर फोटो, प्रत्येक फोटोवर त्याची सही, सगळं एका निळ्या, कोपरा दुमडलेल्या फाईलमध्ये. मी म्हटलं, "साहेब, नवरीचेसुद्धा एवढे काढत नाहीत."

हसला नाही. म्हणाला, "उस्ता, नवरीला माहेरी पाठवता येतं. हे परत घ्यायची सोय नाही."

चौथऱ्यावर बसवलं. प्लास्टिक अजून गुंडाळलेलंच आहे. माझ्याबरोबर वेल्डर शामशी, पासष्टचा, डाव्या कानाने ठार बहिरा. उजव्या कानाने सोयीचं तेवढं ऐकतो.

६ सप्टेंबर, शुक्रवार

आधी चांगलं ते लिहितो.

प्लास्टिक सोडवलं. नोदिरने लांबून पुन्हा फोटो काढले. म्हातारे झकास. आमच्याच्या गुडघ्यावर कापडाची सुरकुतीसुद्धा आहे. आणि नान पालथा.

भाजण्याआधी नानाला मधोमध ठसे मारतात, ती बाजू खाली आणि तंदुराच्या भिंतीला चिकटणारी खरखरीत पाठ वर. काठाखाली बोट घातलं तर ठसे हाताला लागले. म्हणजे पलीकडच्या मूर्तिकाराने बरोबर घडवला होता. ओतकाम झालं लांब कुठेतरी, समुद्रापलीकडे. त्यांनी सुटा आलेला नान उचलला आणि ताटली उपडी घालावी तसा डकवून टाकला. त्यांना काय कळणार?

आमच्याकडे पाहुण्यापुढे नान पालथा पडला तर पाहुणा चहा न पिता उठतो. त्यांच्याकडेही हेच. भांडण झालेल्या घरातसुद्धा नान सुलटाच ठेवतात. इथे तर मैत्रीच्या दस्तरखानावर, त्यांच्याच वकिलातीसमोर! पाहणारा प्रत्येक जण म्हणेल की मुद्दाम केलंय.

नोदिरला दाखवलं. फाईल काखेत धरून वाकून बघितलं. मग म्हणाला, "लेखी तक्रार द्यायची आहे का, उस्ता?"

"लेखी कशाला? डोळे आहेत की."

"लेखी दिलीत की मला राजधानीतल्या वकिलातीला पाठवावी लागेल. तिथून आमच्या देशात. समिती बसेल, दोन महिने. तोवर उद्घाटन नाही. उद्घाटन नाही म्हणजे फाटक नाही." फाईल मिटली. "आणि परवानगीशिवाय भेटीला हात लावणं गुन्हा आहे. दोन्हीकडच्या कायद्यात."

"मग करायचं काय?"

"मला काही दिसलं नाही. तुम्हालाही दिसलं नसेल." जाता जाता वळला. "असलं काही कापून परत बसवायला किती वेळ लागतो हो?"

"चार तास कापायला आणि बसवायला. रंग चढवायला वेगळे. का?"

"सहज."

सहज म्हणे. हा मला बोलता करतोय. उद्या काही झालं की सांगायला मोकळा, उस्ताला सगळं आधीच ठाऊक होतं. भित्रा आणि वर कपटी. म्हाताऱ्यांवर कापड टाकून घरी आलो.

७ सप्टेंबर, शनिवार

बुरुलला सांगायचं नव्हतं. पण बाईने चाळीस वर्षं तंदूर सांभाळलाय, तिच्यापुढे नानाचा विषय काढून कोण निसटणार? नुसतं विचारलं, "नान पालथा पडला तर काय गं होतं?" तिने पीठ मळायचं थांबवलं.

"कुठे पडलाय?"

सांगितलं. ती उठून भिंतीवरच्या नानाखाली जाऊन उभी राहिली. "माझी लेक त्या रस्त्याने पोरीला घेऊन येणार, आणि रस्त्यात नान पालथा? रस्त्यावरचं माणूस पालथं पडतं त्याने. आजच फोन करते. म्हणते, येऊ नकोस."

"फाटक उघडलं नाही तर ती तशीही येणार नाही."

"मग सुलटा करा. उस्ता म्हणवता ना स्वतःला?"

इकडे आड, तिकडे विहीर. सांगितलं तर फाटक बंद, न सांगावं तर लोक दगड हातात घेतील. हात लावला तर या वयात तुरुंग. रात्रभर पाठीला अंथरूण लागलं नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार

चहाखान्यात मामात भेटला. तीन वर्षांपूर्वी कालव्याच्या पाण्यावरून सरहद्दीवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात याचा धाकटा भाऊ गेला. तेव्हापासून हा कोणाशी नीट बोलत नाही, आणि गावातली पंचवीस-तीस तरणी माणसं त्याच्या शब्दावर उठतात.

"उस्ता, कापडाखाली काय दडवलंय?"

"दोन म्हातारे."

"आणि मध्ये?"

मी चहाचा घोट घेतला. "नान."

"भाऊ पडला तेव्हा त्याच्या पिशवीतही नान होता. रक्ताने भिजला होता, तरी मी तो जमिनीवर राहू दिला नाही. उचलून कपाळाला लावला." चहाचा वाडगा दूर सारला. "एकवीसला येईन. सगळ्यांच्या पुढे उभा राहीन. जवळ जाऊन बघेन. काही वाकडं दिसलं तर फाटक उघडतं कसं, तेही बघेन."

त्याचा राग खोटा नाही, म्हणूनच भीती वाटते. चहा तसाच टाकून उठलो.

१२ सप्टेंबर, गुरुवार

ठरवलं. कापायचा.

शामशीला सांगितलं. म्हणाला, "मला ऐकू येत नाही." परत सांगितलं. म्हणाला, "ऐकू आलं, पण मी विचार करत होतो." मग म्हणाला, "ग्राइंडरचा आवाज अर्ध्या गावात जाईल. मला काय, मी बहिरा. पण वकिलातीचे दोन पहारेकरी बहिरे नाहीत."

तेवढ्यात नोदिर उगवला. नोदिर म्हणे चौथऱ्याभोवती उंच पडदे लावणार, धूळ बसते म्हणून. आणि उद्या बारापासून ध्वनिक्षेपकांची तपासणी करणार, आवाज मोठा असेल, हरकत नाही ना? आणि शुक्रवार आहे, पहारेकऱ्यांना मशिदीत पाठवणार, चारपर्यंत परतणार नाहीत, जेवण मोठ्या मशिदीजवळच आहे.

"आम्ही काम बंद ठेवू का?" मी विचारलं.

"तुमचं काम तुम्ही बघा, उस्ता."

स्वतःच्या सोयीपुढे याला दुसऱ्याच्या कानांची पर्वा नाही. पण आम्हाला आयती संधी चालून आली. नशीब कधी कधी मूर्खाच्या हातूनही देतं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

झालं. निम्मं तरी.

बारा ते पावणेचार. ध्वनिक्षेपकावर लग्नातली गाणी, एकामागून एक, इतकी मोठ्याने की पलीकडच्या झाडावरचे कावळे उठून गेले. आत ग्राइंडर चालतोय हे मला हातातल्या थरथरीवरूनच कळत होतं. एकदा गाणं मध्येच संपलं, शामशीने ग्राइंडर बंद केला नव्हता, आणि भर शांततेत ब्राँझवर पातं किंचाळलं. लगेच दुसरं गाणं सुरू झालं, आधीपेक्षा मोठं. पडद्याच्या फटीतून पाहिलं तर नोदिर बटणाशी उभा, घामाने भिजलेला. यंत्र येत नसेल त्याला.

नान सुटला. बत्तीस किलो असेल. दोघांनी पलटला. खालच्या ठशांवर माती चिकटली होती, ती मी बोटाने काढली. मूर्तिकाराने खरा ठसा मारला होता, आमच्या तंदुरावर नानाला मारतात तसाच. शामशीने टोपी काढली. बहिरा रडताना फार विचित्र दिसतो.

वेल्डिंगचे डाग देऊन बसवला. पण कापलेल्या काठावर ब्राँझ पिवळं धमक निघालंय. आंधळ्यालाही दिसेल.

१४ सप्टेंबर, शनिवार

गंधकाचं पाणी आणि बर्नर. काठ हळूहळू काळवंडतोय. वास मात्र सडक्या अंड्यांचा. पहारेकऱ्यांनी नाकाला रुमाल लावले. आता विचारतील, वास कसला म्हणून.

नोदिर बाहेर आला, नाक वर करून हुंगलं आणि पहारेकऱ्यांसमोर पालिकेला फोन लावून तावातावाने तक्रार केली की वकिलातीसमोरचं गटार तुंबलंय. आमचं गटार! मीच साफ करून घेतलंय मागच्या महिन्यात. खरं तर चार शब्द सुनावणार होतो, पण शामशीने बाही ओढली. दुपारी पालिकेची माणसं येऊन स्वच्छ गटार पुन्हा साफ करून गेली.

१८ सप्टेंबर, बुधवार

राजधानीच्या वकिलातीतून बडा अधिकारी तपासायला आला. पांढरे केस, गोड आवाज, सुईसारखी नजर. पडदा बाजूला करायला लावला. स्मारकाभोवती तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला नानाशी थांबला.

"पोचल्यावेळचे फोटो द्या बघू."

मी शामशीकडे पाहिलं, शामशीने आकाशाकडे. त्या फोटोंचं माझ्या ध्यानातच नव्हतं! सहीनिशी फोटो, पालथ्या नानाचा. संपलो आपण. डोळ्यांसमोर चिनारा आली, फाटकाच्या त्या बाजूला उभी.

नोदिर म्हणाला, "ती फाईल कपाटात आहे, साहेब. किल्ली कारकुनाकडे, तो गावाला गेलाय." आणि निळी फाईल त्याच्या काखेतच होती! तीच, कोपरा दुमडलेली. काखेत कळसा नि गावाला वळसा. असल्या वेंधळ्याला वकिलातीत कोण घेतं कोण जाणे. पण आज त्याच्या वेंधळेपणाने आम्ही वाचलो.

अधिकारी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. "एकवीसनंतर पाठवा," म्हणाला.

"पाठवतो, साहेब." चेहरा खडूसारखा. भित्रा तो भित्राच.

२० सप्टेंबर, शुक्रवार

काठावर एका जागी पिवळं पुन्हा वर आलं. काळं मेण चोळलं. वाळायला दोन दिवस लागतात, आहे एक. बुरुल सकाळपासून नान भाजतेय, दीडशे. चिनाराचा फोन आला, ती आजच पलीकडच्या फाटकाशी नातेवाइकांकडे येऊन थांबली आहे. नात मागून ओरडत होती, "आजोबा, मी झोपणारच नाही."

मीही.

२१ सप्टेंबर, शनिवार

क्रमाने लिहितो, नाहीतर सुटेल.

दहाला माणसं जमली. मामात पहिल्या रांगेत, मागे त्याची माणसं, हात खिशात. मंत्र्यांची भाषणं. एक म्हणाला शतकांची मैत्री, दुसरा म्हणाला सहस्रकांची. मागून कोणीतरी म्हणालं, "मग फाटक कोणी लावलं, वाऱ्याने?" लोक हसले, मामात हसला नाही.

कापड ओढलं.

पोलिसांना कळायच्या आत मामातने दोरी ओलांडली. एक पोलीस धावला, नोदिरने त्याला हाताने थांबवलं. मामात चौथऱ्यावर चढला, म्हाताऱ्यांच्या मध्ये वाकला आणि नानाकडे बघत राहिला. मग हात लावला, बरोबर त्या काठावर. आमच्या रीतीप्रमाणे बोटं कपाळाला न्यायला उचलली आणि थांबला.

बोटं काळी झाली होती.

त्याने बोटांकडे पाहिलं. काठाकडे पाहिलं, अगदी जवळून. मग वळून गर्दीत मला शोधलं. दहा आकडे मोजून व्हावेत एवढा वेळ तो माझ्याकडे बघत होता. मी कशासाठी काय केलं असेल ते सगळं त्याला कळलं, याची मला खात्री आहे.

त्याने ती काळी बोटं तशीच कपाळाला लावली. भुवईच्या वर डाग उमटला. खाली उतरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नुसताच नान ठेवलाय. म्हाताऱ्यांना चहा कोण देणार?"

एक म्हातारी खरंच किटली घेऊन पुढे झाली. मग सगळेच पुढे झाले.

फाटक तीन वाजता उघडलं. चिनारा जाड झालीय. केसात पांढरं आलंय. मी इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती तिशीतली पोर नव्हतीच तिथे, ही दुसरीच बाई धावत आली आणि बापाला मारायची हाक मारली, "अता". मी रडलो. चारचौघांत, मोठ्याने. नातीने विचारलं, "आजोबांना काय झालं?" बुरुल म्हणाली, "काही नाही, त्यांचं गटार तुंबलं होतं."

२२ सप्टेंबर, रविवार

चिनाराने खिळ्यावरचा नान उतरवला. हातोडीने फोडावा लागला. तुकडा चहात अर्धा तास भिजवला, तरी दाताखाली वाजला. सगळा खाल्ला तिने, बुरुल समोर बसून होती. खिळा मोकळा झाला.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

पालिकेतले इंजिनिअर कुबात फाटकापाशी भेटले. म्हणाले, पलीकडच्यांत काही गडबड झाली. पोचल्यावेळच्या फोटोत आणि आताच्यात काहीतरी फरक सापडला. तिकडच्या कोणीतरी लिहून दिलं की बदल स्वतःच्याच हुकमावरून झाला, स्थानिक कारागिरांना काही माहीत नव्हतं. त्याला परत बोलावलंय. "पुन्हा बाहेरदेशी नेमणूक मिळेल असं वाटत नाही," म्हणाले. "तुमच्यावर काही आलं नाही, उस्ता, मिठाई वाटा."

मी सुटलो, असं मनात म्हणत घरी आलो. कोणी लिहून दिलं असेल याचा विचार करावा, हे मला फाटकापासून घरापर्यंत सुचलं नाही. लिहायला लाज वाटते, पण तसंच आहे.

घरात आलो तर खिळ्यावर नान. ताजा, एक घास तोडलेला.

"चिनारा परत गेली का?" मी विचारलं.

"ती बाजारात गेलीय." बुरुल भांडी घासत होती. "तो काठीसारखा पोरगा आला होता तंदुरावर. गाडी बाहेर उभी, सामान भरलेलं. एक नान घेतला, घास तोडून खाल्ला, उरलेला माझ्या हातात दिला. म्हणाला, आई, टांगून ठेवाल का? इथे माझं दुसरं घर नाही. आणि म्हणाला, उस्तांना सांगा, सुलटा टांगा."

मी ओट्यावर बसलो. गाणी आठवली. गटार आठवलं. काखेतली ती निळी फाईल आठवली.

या वहीत मी त्याला भित्रा म्हटलंय, कपटी म्हटलंय, मूर्ख आणि वेंधळाही म्हटलंय. साहेब सांगायचे खोडायचं नाही, म्हणून खोडत नाही. खाली लिहितो: चुकलो. आम्हा सगळ्यांत धीराचा एकटा तोच होता.

खिळा हलवून पाहिला, सैल झाला होता. काढून दुसरा ठोकला, स्मारकाच्या कामातून उरलेला, लांब. हा बराच काळ टिकायला हवा. नान टांगला, ठसे बाहेरच्या बाजूला.

हवा थंड. वारा फाटकाकडून.